विळ्यावर चढलेलं तांबं



यावेळची नोंद बागेतली कमी आणि दहावीच्या पुस्तकातली जास्त आहे. पोरगी यंदा दहावीला. काटोलकडच्या आमच्या शिवारात थ्री फेजची लाइन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही. मोटर चालू करून ओळी बदलेपर्यंत जागंच राहा लागते. डिसेंबरात पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जागेच असता त मले केमिस्ट्री विचारत जा ना." म्हटलं, ठीक आहे. मी 1994 चा दहावी पास. रसायनशास्त्र सारं पाठ केलेलं, पेपर झाला अन् विसरलेलं. पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायला अक्कल थोडीच लागते?

पण तिसऱ्याच रात्री त्या पुस्तकानं माझी एक चूक माझ्यासमोर आणून ठेवली. त्या चुकीसाठी मी पाच महिने दुसऱ्याच माणसाला शिव्या देत होतो.

आधी ते प्रकरण सांगतो. मागच्या ऑगस्टमध्ये आठ-नऊ दिवस सलग झड लागली. आंबिया बहाराची फळं गळायला लागली, खालच्या फांद्यांवरच्या फळांना तपकिरी कूज. फायटोप्थोराच, दुसरं काही नाही. आपली नागपुरी संत्र्याची बरीच झाडं जंबेरी खुंटावरची, त्यामुळं हा रोग आपल्याकडं डिंक्या म्हणून बुडातही येतो आणि झडीत फळावरही चढतो. मी एक टक्का बोर्डो करायचं ठरवलं. मोरचूद कृषी केंद्रातून नवीन आणला. चुना घरी होता, बुंध्याला पेस्ट लावायला दोन वर्षांआधी आणलेला. गोठ्यातल्या कोपऱ्यात पोतं उघडंच होतं. आणला तेव्हा कळ्या होत्या, आता सगळी भुकटी झालेली. मनात म्हटलं, बरंच झालं, विरवायची कटकट वाचली. किलोभर मोजला, पाण्यात कालवला, गाळला, मोरचुदाच्या पाण्यात टाकला आणि साठ झाडं फवारून टाकली.

आठवड्याभरात कोवळी पानं कडेनं करपली. फळांवर बारीक काळे ठिपके उठले, जसे काही कोणी सुईनं टोचले. गळ थोडी थांबली, पण ते ठिपके फळ मोठं झालं तरी गेले नाहीत. बाग पाहायला आलेल्या व्यापाऱ्यानं त्या साठ झाडांकडं बोट दाखवलं आणि साऱ्या बागेचा भाव खाली मागितला. मी त्या दिवशी कृषी केंद्रात जाऊन मोठ्यानं बोललो. चार गिऱ्हाइकांसमोर. मोरचुदात भेसळ आहे, असं म्हणालो. दुकानदार भाऊ शांत माणूस, एवढंच म्हणाला, "दादा, याच लॉटचा माल पंधरा जणांनी नेला." मी ऐकून घेतलं नाही.

आता डिसेंबरातली ती रात्र. रासायनिक अभिक्रियांचा धडा चालू होता. पोरगी डोळे मिटून म्हणत होती, "लोखंडाचा खिळा कॉपर सल्फेटच्या द्रावणात ठेवला असता निळा रंग फिका होतो व खिळ्यावर तांब्याचा तपकिरी थर जमा होतो. कारण लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक अभिक्रियाशील आहे. ही विस्थापन अभिक्रिया होय."

म्हटलं, पुन्हा म्हण.

तिनं पुन्हा म्हटलं. आणि मला माझे वडील दिसले, ड्रमाजवळ उभे, हातात विळा. बोर्डो केलं की फवारणीआधी ते विळ्याचं पातं ड्रमात बुडवायचे. मिनिटभर थांबून बाहेर काढायचे, उन्हात धरून पाहायचे. पातं लालसर दिसलं की म्हणायचे, "तांबं चढलं. चुना टाक अजून." पातं स्वच्छ निघालं की पंप भरायला सांगायचे. ते सहावी शिकलेले. मला वाटायचं हा जुन्या लोकांचा टोटका आहे, चाकूनं लिंबू कापण्यासारखा. वडील गेले, त्यांच्यासोबत विळा बुडवणंही गेलं. मी दहावी पास, मला त्याची गरज नव्हती.

पोरीला सांगितलं तर ती उठून बसली. "बाबा, आबाजी त डिस्प्लेसमेंटचं प्रॅक्टिकल करत होते!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तेच प्रॅक्टिकल अंगणात केलं. उरलेला मोरचूद होता. गोठ्यातला तोच जुना चुना घेतला आणि गावातून पाव किलो ताजा कळीचा चुना आणला. ताज्या कळीवर पाणी टाकलं तर ती फुटली, वाफ निघाली, भांडं हाताला चटका लागेल एवढं गरम झालं. जुन्या भुकटीवर पाणी टाकलं, काहीच नाही. थंडगार. जसं मातीवर पाणी टाकलं. फरक तिथंच दिसत होता, पण ऑगस्टमध्ये मला तो "कटकट वाचली" असा दिसला होता.

दोन काचेचे ग्लास घेतले, दोन्हीत सारखंच मोरचुदाचं पाणी. एकात जुन्या चुन्याचं पाणी, दुसऱ्यात ताज्या चुन्याचं. ताज्या चुन्याचा ग्लास लगेच दाट आकाशी झाला, दह्यासारखा. थोडा वेळ ठेवल्यावर निळा गाळ खाली बसला आणि वरचं पाणी स्वच्छ. जुन्या चुन्याच्या ग्लासात तळाला पांढरट-हिरवट साका, वरचं पाणी मात्र निळंच. मग दोन्हीत घासलेला खिळा सोडला. ताज्या चुन्यातला खिळा जसाच्या तसा निघाला. जुन्यातला निघाला तो लाल.

मी काही बोललो नाही. पोरगीही समजली. मोरचूद चोख होता. चुना मेलेला होता. आणि मी तो न तपासता झाडावर मारला होता.

आता चुना मरतो म्हणजे काय होतं, हे पुस्तकातच आहे, फक्त वेगवेगळ्या पानांवर. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाणी घातलं की उष्णता बाहेर टाकून तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो. हाच विरवलेला चुना, तो आम्लारी आहे, मोरचुदाशी लढतो तो हाच. पण तो उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे खडूच्या, चुनखडीच्या जातीचा. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केला आहे. माझ्या गोठ्यात तो प्रयोग दोन वर्षं चालू होता, फुंकर मारणारी हवा होती एवढंच. भिंतीला दिलेला चुना कडक होतो तोही असाच. भिंतीसाठी चांगलं, बोर्डोसाठी वाईट.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात आम्लधर्मी. त्यातलं तांबं मोकळं असतं, ते बुरशीला मारतं तसंच कोवळ्या पानालाही जाळतं. चुन्याशी त्याची दुहेरी विस्थापन अभिक्रिया होते. तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधलं जातं, पाण्यात विरघळत नाही, पानावर बारीक थर होऊन बसतं आणि ओलाव्यात थोडं थोडं सुटत राहतं. बुरशीच्या बीजाणूला तेवढं पुरतं, पानाला ते झेपतं. म्हणजे चुना हा बोर्डोतला लगाम आहे. मी लगामाशिवाय घोडा सोडला होता.

याच्या पुढची गोष्ट पोरीनं केली, मी नाही. नववीत द्रव्याचे मोजमाप म्हणून धडा असतो, त्यात रेणुवस्तुमान आणि मोल. मला तो कधीच कळला नव्हता. ती म्हणाली, "बाबा, मोल म्हणजे फक्त मोजायचं माप आहे. केळी डझनानं मोजता, तसे रेणू मोलानं." मग तिनं वहीत मांडलं. मोरचुदाचं रेणुवस्तुमान, त्यातलं पाणी धरून, जवळपास 250. एक किलो म्हणजे 1000 ग्रॅम, म्हणजे 4 मोल. एका मोलाला चुन्याचा एक मोल लागतो. विरवलेल्या चुन्याचं रेणुवस्तुमान 74. चार मोल म्हणजे 296 ग्रॅम.

"बाबा, तीनशे ग्रॅमच लागते. मग आपण एक किलो काऊन टाकतो?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. एकास एक, शंभर लिटर पाणी, असं पाठ. उत्तर मात्र आमच्या अंगणातच होतं. बाजारातला चुना कधी चोख नसतो. त्यात खडे असतात, माती असते, अर्धा मेलेला असतो. कोणी मोजत बसत नाही, म्हणून शिफारशीत तिपटीहून जास्त चुना धरला आहे, म्हणजे कसाही असला तरी पुरावा. आणि तरी माझा पुरला नाही. म्हणजे माझ्या एक किलोमध्ये कामाचा चुना तीनशे ग्रॅमही नव्हता. हे मला कोणत्या लॅबनं सांगितलं नाही, पोरीच्या वहीनं सांगितलं.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो मजेदार आहे. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्डो भागातलं, म्हणून हे नाव. तिथले द्राक्षवाले रस्त्याच्या कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून. निळी पांढरी द्राक्षं कोण खाईल? 1882 मध्ये मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी बाग केवड्यानं गेली, पण रस्त्याकडच्या वेलींची पानं शाबूत आहेत. त्यानं प्रयोग करून 1885 मध्ये ते जाहीर केलं. म्हणजे चोरापासून राखण करणाऱ्या शेतकऱ्याची युक्ती आणि तिच्यामागचं कारण शोधणारा मास्तर, दोघं मिळून हे औषध झालं. आज नागपुरात अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आपल्याला बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा म्हणून सांगतात, त्याची सुरुवात तिथून आहे.

मग आमचा नादच झाला. रात्री मोटर चालू, शेकोटी, आणि पुस्तकातलं एक पान घ्यायचं आणि शेतात ते कुठं आहे ते शोधायचं. सापडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

युरियाच्या पोत्यावर 46 टक्के नत्र लिहिलेलं असतं. ते कुठून आलं? युरियाच्या एका रेणूत कार्बन 12, ऑक्सिजन 16, दोन नायट्रोजन 28, चार हायड्रोजन 4. बेरीज 60. साठात अठ्ठावीस म्हणजे 46 टक्क्यांच्या थोडं वर. पोरीनं स्वतः गणित करून पोत्याशी पडताळलं आणि एवढी खूश झाली की विचारू नका. 45 किलोच्या पोत्यात जवळपास 20 किलो 700 ग्रॅम नत्र. स्फुरदाचं मात्र वेगळं आहे. डीएपीच्या पोत्यावरचे 46 टक्के हे शुद्ध फॉस्फरसचे नाहीत, ते ऑक्साइडच्या रूपात मोजलेले आहेत. शुद्ध काढायचं तर 0.44 नं गुणायचं. पालाशाचंही ऑक्साइडच, तिथं 0.83. माती परीक्षणाचा कागद आणि खताचं पोतं यांची तुलना करताना दोन्हीकडं एकच माप आहे का ते पाहा, नाही तर डोस चुकतो.

दुसरं, ड्रिप. दोन वर्षांआधी माझ्या चार ओळींचे ड्रिपर बंद पडले होते. मी एकाच टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट सोडलं होतं. दोन्ही खतं पाण्यात विरघळणारी, मग अडचण काय, असं वाटलं. अडचण दुहेरी विस्थापनाची. कॅल्शियमनं सल्फेटचा हात धरला आणि टाकीत जिप्सम तयार झालं, ते फारसं विरघळत नाही. 12:61:00 सोबत कॅल्शियम टाकलं तर कॅल्शियम फॉस्फेट बसतं, तेही तसंच. पुस्तकात याला "अवक्षेप" म्हणतात, आपल्याकडं "ड्रिप चोक झालं" म्हणतात. कॅल्शियम नेहमी एकटं द्यायचं, वेगळ्या दिवशी. आणि नळ्या साफ करायला आम्ल वापरत असाल तर आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. आम्लात पाणी कधीच नाही, उकळून अंगावर उडते. हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं होतं, मला ते परीक्षेचं वाटायचं.

तिसरं, सामू. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी आठाच्या आसपास. सात आणि आठ यात फरक एकाचा नाही, दहापटीचा आहे, कारण सामूची पट्टी तशीच बनवली आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या. शेतात चुनखडी आहे का ते पाहायला ढेकळावर लिंबू पिळा. फसफसलं तर आहे. तो बुडबुडा कार्बन डायऑक्साइडचाच. माझ्या गोठ्यातल्या मेलेल्या चुन्यावर लिंबू पिळलं असतं तरी तो फसफसला असता आणि माझी साठ झाडं वाचली असती.

एक गंभीर गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जात नाही. 2017 साली आपल्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं अनेक होती, एकाच गोष्टीवर बोट ठेवणारा मी कोण? पण तेव्हापासून मला एक प्रश्न सलतो. आपण पंपात तीन-तीन बाटल्या एकत्र ओततो, आणि आत काय होईल हे विचारतही नाही. बोर्डो आम्लारीधर्मी आहे, त्यात दुसरं कीटकनाशक मिसळलं तर बरीच औषधं त्यात फुटून निकामी होतात. काम झालं नाही म्हणून आपण डोस वाढवतो. रसायनशास्त्र दहावीपर्यंत सगळ्यांना शिकवलं, पण पंप पाठीवर घेताना ते आठवावं असं कोणी सांगितलं नाही. ही माझी स्वतःचीही कबुली आहे.

आता बोर्डोचं, जसं या हंगामापासून मी करणार आहे तसं. चुना ताज्या कळीचा, पाणी टाकल्यावर उकळला पाहिजे, नाही उकळला तर परत. विरवताना तोंड आणि डोळे लांब. मोरचूद एक किलो, फडक्याच्या पोटलीत बांधून 50 लिटर पाण्यात टांगायचा, प्लास्टिकच्या ड्रमात. लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात नाही, खिळ्याचं जे होतं तेच भांड्याचं होतं. चुना एक किलो, दुसऱ्या 50 लिटरमध्ये, गाळून. मग दोन्ही सारखी धार धरून तिसऱ्या ड्रमात, ढवळत. मग खिळा किंवा विळा. लाल झाला तर अजून चुन्याची निवळी, स्वच्छ निघेपर्यंत. त्याच दिवशी फवारून संपवायचं, उरलं तर दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. कृषीवाल्या मित्रांनी यात काही चुकलं असेल तर जरूर सांगा, मी दुरुस्त करीन.

राहिलं दुकानदार भाऊचं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो. पोरगी सोबत होती. दुकानात तेव्हाही तीन-चार गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं, कारण बोललो होतो ते चारचौघांत, तर माफीही चारचौघांतच पाहिजे. म्हटलं, "भाऊ, तुमचा मोरचूद चांगला होता. माझा चुना मेलेला होता." ते हसले. म्हणाले, "दादा, तुम्ही पहिले आहात हे येऊन सांगणारे." मग पोरीनं त्यांना खिळ्याचं सांगितलं. त्यांनी लगेच टेबलाच्या खणातून एक खिळा काढला आणि मोरचुदाच्या पोत्याजवळ सुतळीनं टांगून ठेवला. म्हणाले, आता जो मोरचूद नेईल त्याला खिळा फुकट.

पोरीची परीक्षा जवळ आली आहे. परवा ती म्हणाली, "बाबा, विस्थापनावर प्रश्न आला त उदाहरण म्हणून आबाजीचा विळा लिहू का?" मी म्हटलं, पुस्तकातलं लिही, मार्क जातील. मग रात्रभर मला ते बोलणं खटकत राहिलं. सकाळी तिला म्हटलं, "दोन्ही लिही माय. आधी पुस्तकातलं, मग आबाजीचं."

वडिलांचा विळा माळ्यावर होता. काढून, घासून, फवारणीच्या ड्रमाजवळच्या खुंटीला लावून ठेवला आहे.